आफ्रिकेतल्या भाषांबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सात वर्षं टांझानियात राहिले, दार-एस-सलामला. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलो होतो, तिथे स्वाहिली शिकले आणि शिकता शिकता बाकीच्या आफ्रिकन भाषांबद्दल वाचायचं वेडच लागलं. पुण्याला परत आल्यापासून लग्नात, सोसायटीत, ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या मावशींकडून, सगळीकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतेय.

तिकडे 'आफ्रिकन' बोलतात ना? तू शिकलीस का ती?

'आफ्रिकन' नावाची भाषाच नाहीये हो. 'एशियन' नावाची भाषा आहे का? जपानी, तमिळ, फारसी सगळं एकच म्हटलं तर आपण लगेच हसू, पण आफ्रिकेच्या बाबतीत हे अगदी शिकलेली माणसंसुद्धा सहज बोलून जातात. ५४ देश आहेत, आणि भाषा साधारण २०००. जगात सगळ्या मिळून ७००० च्या आसपास भाषा धरल्या तर जवळजवळ एक तृतीयांश एकट्या आफ्रिकेत आल्या. नायजेरियात ५०० च्या वर, कॅमेरूनमध्ये अडीचशेच्या आसपास, काँगोमध्ये दोनशेच्या वर, आणि मी राहिले त्या टांझानियात १२० तरी आहेत.

पण त्या भाषा कुठे, त्या बोली असतील ना?

या प्रश्नाचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, त्यामुळे इथे जरा सविस्तर.

युरोपियन लोक राज्य करायला आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या त्या 'लँग्वेज' आणि इथल्या लोकांच्या त्या 'डायलेक्ट' असा शिक्काच मारला, आणि तो इतका पक्का बसला की आजही आफ्रिकेतली शिकलेली माणसंसुद्धा इंग्रजीत बोलताना स्वतःच्या आईच्या भाषेला 'माय डायलेक्ट' म्हणतात. आमच्या शेजारच्या बाई बँकेत होत्या, सुकुमा समाजाच्या, त्याही तसंच म्हणायच्या. आता सुकुमा ही लाखो लोक बोलतात अशी भाषा, तिचं स्वतःचं व्याकरण, गाणी, म्हणी, कोडी. योरुबा आणि हौसा बोलणारे तर कोट्यवधी आहेत. कितीतरी युरोपियन देशांच्या लोकसंख्येपेक्षा हौसा बोलणारे जास्त भरतील.

बोली आहेतच, पण त्या त्या भाषेच्या आत. आपल्या मराठीत कशी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी (आणि त्यातली कुठली बोली आणि कुठली भाषा यावरून भांडणं) तसंच तिकडेही आहे. आणि रेघ कुठे ओढायची हे बऱ्याचदा भाषेवर नाही, तर व्याकरण कोणी लिहिलं आणि बायबल कुठल्या गावच्या बोलीत छापलं यावर ठरलं. घानामध्ये त्वी आणि फांती बोलणारे एकमेकांचं बरंचसं समजून घेतात, पण दोघांचं लेखन वेगवेगळं घडलं म्हणून पुस्तकं वेगळी झाली. झिंबाब्वेत उलटं झालं, तिथे वेगवेगळ्या मिशनऱ्यांनी वेगवेगळ्या बोलींमध्ये लिहायला सुरुवात केली होती, मग क्लेमंट डोक नावाच्या भाषातज्ज्ञाने १९३१ मध्ये रिपोर्ट दिला आणि त्या सगळ्यांची मिळून एक प्रमाण शोना उभी केली.

एवढ्या २००० भाषांचे काही गट वगैरे आहेत का?

आहेत. जोसेफ ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये चार मोठे गट मांडले, आजही बोलताना तेच वापरतात. पहिला आफ्रो-एशियाटिक, यात अरबी, अम्हारिक, सोमाली, हौसा, मोरोक्को-अल्जीरियाकडच्या अमाझिग भाषा आणि पिरॅमिड बांधणाऱ्यांची जुनी इजिप्शियनसुद्धा. दुसरा नायजर-काँगो, हा जगातल्या सगळ्यात मोठ्या भाषाकुळांपैकी एक, जवळजवळ १५०० भाषा, योरुबा, इग्बो, वोलोफ, स्वाहिली, झुलू सगळे यात. तिसरा नायलो-सहारन, म्हणजे मसाई, डिंका, लुओ अशा भाषा. चौथा खोइसान, तोंडाने टक् टक् आवाज (यालाच क्लिक म्हणतात) काढतात त्या.

यातला चौथा गट आता तज्ज्ञ मानत नाहीत, क्लिक आहेत एवढ्या एका कारणावरून वेगवेगळ्या भाषा एकत्र बांधल्या होत्या असं त्यांचं म्हणणं, आणि तिसऱ्याबद्दलही वाद चालूच आहे.

मला टांझानियाचं कौतुक यासाठी वाटतं की हे चारही एका देशात भेटतात. अरुशाच्या बाजारात गेलात तर मसाई माणूस, डोंगराकडचा इराक्व भाषा बोलणारा शेतकरी (ही सोमालीच्या कुळातली, कुशिटिक), आणि स्वाहिली बोलणारा दुकानदार एकाच टपरीवर चहा पिताना दिसतील. आणि तिथून काही तासांवर एयासी तलावाजवळ हाद्झा लोक आहेत, हजारभर माणसं, त्यांच्या भाषेत क्लिक आहेत आणि तिचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. हजार माणसं आणि अख्खं एक भाषाकुळ.

बांटू म्हणजे कुठली जमात का?

जमात नाही, भाषांचा समूह, नायजर-काँगोच्याच पोटातला. साधारण ५०० भाषा. कॅमेरून-नायजेरियाच्या सीमेजवळच्या भागातून चार-पाच हजार वर्षांपूर्वी ही माणसं हळूहळू निघाली, शेती घेऊन, नंतर लोखंड घेऊन, आणि पिढ्यानपिढ्या सरकत सरकत पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचली. एका दमात कोणी चालत गेलं नाही, मुलगा बापाच्या शेतापलीकडचं रान तोडतो, त्याचा मुलगा त्याच्यापलीकडचं, असं.

याचा पुरावा काय, तर शब्द बघा ना. 'माणूस' आणि 'माणसं' घ्या. स्वाहिलीत म्तु – वातु. झुलूत उमुंतु – अबांतु. रुवांडात उमुंतु – अबांतु. काँगोच्या किकाँगोत मुंतु – बांतु. लिंगालात मोतो – बातो. शोनात मुन्हु – वान्हु. यातल्या 'बांतु' वरूनच विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने १९ व्या शतकात हे नाव दिलं, म्हणजे बांटू याचा अर्थच मुळी 'माणसं'. किंवा 'तीन' घ्या, स्वाहिलीत तातु, शोनात तातु, झुलूत थाथु, युगांडाच्या लुगांडात सातु, लिंगालात सातो. पुस्तकात वाचणं वेगळं आणि कानाने ऐकणं वेगळं, मी एकदा एअरपोर्टवर एका झुलू बाईंना मुलाला आकडे शिकवताना ऐकलं आणि 'थाथु' कानावर पडलं तेव्हा अंगावर काटा आला. मधे हजारो किलोमीटर, हजारो वर्षं, आणि तीन अजून तीनच.

व्याकरण सोपं असेल ना? आपल्यासारखं लिंग-वचन-विभक्ती थोडीच असणार?

उलट आपल्यापेक्षा जास्त. मराठीत तीन लिंगं, तो-ती-ते. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात, मोजायच्या पद्धतीप्रमाणे १५ ते १८. माणसांचा एक, झाडांचा एक, वस्तूंचा एक, फळांचा एक, असं. आणि वर्ग बदलला की शब्दाचं शेपूट नाही, डोकं बदलतं, आणि नुसतं नामाचं नाही, विशेषणाचं, क्रियापदाचं, सगळ्यांचं.

उदाहरण देते. किताबु म्हणजे पुस्तक, हो आपलं किताबच, अरबीतून गेलेलं. 'चांगलं पुस्तक हरवलंय' याला म्हणतात 'किताबु किझुरी किमेपोतेआ'. ऐका नीट, कि-कि-कि. आता पुस्तकं अनेक झाली तर 'विताबु विझुरी विमेपोतेआ'. अरबीत 'किताब' मधला 'कि' हा शब्दाचाच भाग आहे, पण स्वाहिली कानाला वाटलं की अरे हा तर आपल्या वस्तूंच्या वर्गाचा 'कि' आहे (खुर्ची किती, खुर्च्या विती), म्हणून त्यांनी अनेकवचन 'विताबु' करून टाकलं. अरब माणसाला ते ऐकून नवल वाटेल पण भाषा अशीच दुसऱ्याचं घेऊन आपलंसं करते, आपण नाही का 'टेबल' ला नपुंसकलिंग देऊन 'टेबलं' केलं आणि 'बस' ला स्त्रीलिंगी केलं.

मला हे वर्ग शिकायला दोन वर्षं लागली. एकदा बसले की बोलताना एक ताल येतो, गाण्यासारखं वाटतं.

ते तोंडाने टक् टक् करून बोलतात ते खरं का?

खरं. आणि तुम्ही पण ते आवाज रोज काढता फक्त शब्दात वापरत नाही. वाईट बातमी ऐकली की आपण जिभेने 'च्च् च्च्' करतो ना, झुलू आणि खोसा मध्ये तो एक पूर्ण व्यंजन आहे, आपल्या 'क' किंवा 'त' सारखा. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या बाजूने जो आवाज काढायचा तो दुसरा, 'खोसा' या नावाची सुरुवातच त्या आवाजाने होते, आपण देवनागरीत 'ख' लिहितो कारण आपल्याकडे त्याला अक्षर नाही. आणि बाटलीचं बूच उघडल्यासारखा 'टॉक्' हा तिसरा. बोट्सवाना-नामिबियाकडच्या ता या भाषेत तर क्लिकचे इतके प्रकार आहेत की सगळे ध्वनी मिळून १०० च्या वर जातात, मराठीतल्या ध्वनींच्या दुप्पट.

आता मुद्दा असा की झुलू-खोसा या बांटू भाषा, आणि बांटूमध्ये मुळात क्लिक नाहीत, मग आले कुठून? दक्षिणेला आधीपासून राहणाऱ्या खोइसान लोकांकडून. लग्नं झाली, सुना घरात आल्या. आणि इथे एक गोष्ट आहे जी मराठी बाईला पटकन कळेल. तिकडे 'ह्लोनिफा' नावाची रीत आहे, सुनेने सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावातली अक्षरं दुसऱ्या शब्दात आली तरी ती उच्चारायची नाहीत. मग शब्द बदलायचा कसा, तर त्या अक्षराच्या जागी दुसरा आवाज घालायचा, आणि हाताशी असलेले वेगळे आवाज म्हणजे हे क्लिक. क्लिक भाषेत पसरले त्यात या रीतीचा मोठा वाटा असावा असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उखाणा आला, तिकडे सासऱ्याचं नाव टाळताना भाषेचे आवाज बदलले. बायकांनी रोजच्या बोलण्यातून घडवलेली भाषा आहे ती, हे मला फार मोठं वाटतं.

सूर बदलला की अर्थ बदलतो म्हणतात, ते चिनी भाषेत ना?

आफ्रिकेतही, बहुसंख्य भाषांत. योरुबामध्ये 'ओको' हा शब्द मधल्या सुरात म्हटला तर नवरा, शेवटी सूर वर नेला तर कुदळ, शेवटी खाली आणला तर गाडी. अक्षरं तीच. म्हणूनच तिथले बोलके ढोल शक्य झाले. काखेत धरायचा, दोऱ्या दाबल्या की आवाज चढतो-उतरतो, आणि वाजवणारा बोलण्याचे सूर हुबेहूब काढतो. आता नुसत्या सुरावर दहा शब्द सारखे वाटणार, म्हणून ढोलावर एक शब्द कधीच एकटा येत नाही, त्याला लांब वाक्प्रचार जोडून पाठवतात म्हणजे गोंधळ नको. तार आणि फोन येण्याच्या खूप आधी गावोगाव निरोप जायचे. स्वाहिलीत मात्र सुरांची भानगड नाही, म्हणून बाहेरच्यांना ती त्यामानाने लवकर येते.

त्यांना लिपी नव्हती, बरोबर?

चूक. इजिप्तची चित्रलिपी ५००० वर्षांपूर्वीची, इजिप्त आफ्रिकेतच आहे हे लोक विसरतात. सुदानमध्ये मेरोई या जुन्या राज्याची लिपी होती. सहारात अमाझिग लोकांची तिफिनाग, जी आज मोरोक्कोत शाळेत शिकवतात. मालीतल्या टिंबक्टूमध्ये हस्तलिखितांचे ढीगच्या ढीग आहेत, बरीचशी अरबीत आणि काही अरबी लिपीत लिहिलेल्या स्थानिक भाषांत. जुनी स्वाहिली काव्यं पण अरबी लिपीतच आहेत.

इथिओपियाची लिपी तर तुम्हाला शिकवायचीसुद्धा गरज नाही, तत्त्व तुम्हाला पहिलीपासून माहितीये. ती बाराखडी आहे. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, ल लू ली ला ले ल् लो प्रमाणे, फक्त काना-मात्रा वेगळ्या न लावता अक्षराचाच पाय लांब होतो, बाजूला शेंडी येते, खाली गाठ येते. साधारण चौथ्या शतकापासून ही स्वरांची पद्धत तिथे आहे आणि आजही अम्हारिक, तिग्रिन्या यात पेपर छापले जातात, दुकानाच्या पाट्या असतात, मेसेज टाइप होतात.

आणि नवीन लिप्या! लायबेरियात १८३० च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले यांनी वाई भाषेसाठी लिपी केली. गिनीच्या सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये न्को लिपी केली, मांदिंग भाषांसाठी. पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट आदलाम लिपीची. गिनीतले दोन भाऊ, इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी, एक १४ वर्षांचा एक १० वर्षांचा, १९८९ चं साल. त्यांचे वडील गावकऱ्यांची पत्रं वाचून द्यायचे, फुलानी भाषा अरबी लिपीत लिहिलेली, आणि ती नीट बसायची नाही, एक अक्षर तीन आवाजांना. मुलांनी विचारलं आपल्या भाषेला आपली अक्षरं का नाहीत, आणि खोलीचं दार लावून, डोळे मिटून कागदावर आकार काढत बसले, त्यातून जी अक्षरं आवडली ती ठेवली. बहिणीला शिकवली, बाजारातल्या लोकांना शिकवली, वह्यांमध्ये हाताने पुस्तकं उतरवली. २०१६ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-फोनवर चालणाऱ्या अक्षरांच्या जागतिक यादीत आली. ज्यांना मराठी मेल उघडल्यावर चौकोन चौकोन दिसायचे ते दिवस आठवतात त्यांना कळेल की स्वतःची अक्षरं स्वतःच्या फोनवर दिसणं म्हणजे काय असतं.

स्वाहिलीत आपले शब्द आहेत असं ऐकलंय?

भरपूर! दार-एस-सलामला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर एक पाटी वाचली, 'दुका ला दावा'. कोणाला विचारायची गरजच नाही, दवेचं दुकान, केमिस्ट. गाडीला गारी, पोळीला चपाती, लाखाला लाकी, विम्याला बिमा, गोणीला गुनिया, भजीला बजिया, लोणच्याला अचारी. हे हिंदी महासागरातल्या व्यापारातून गेलेले. आणि दुसरे असे जे दोघांनीही अरबीतून घेतले, त्यांच्याकडे थेट, आपल्याकडे फारसीमार्गे: हबारी म्हणजे बातमी (खबर), हेसाबु म्हणजे हिशेब, हाकी म्हणजे हक्क, दुनिया ती दुनियाच, स्वाली म्हणजे सवाल. 'स्वाहिली' हे नावच अरबी 'साहिल' वरून, किनारा. किनाऱ्यावरची भाषा.

पण म्हणून कोणी 'स्वाहिली अर्धी अरबी आहे' म्हणालं तर ऐकू नका, हाडं बांटू आहेत, वर किताबुचं सांगितलंच.

एक गोष्ट मात्र जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. घड्याळ. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळी ७ म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. पहिल्याच आठवड्यात प्लंबर फोनवर 'साआ तातु' म्हणाला, मी दुपारी ३ ची वाट बघत बाहेर निघून गेले आणि तो सकाळी ९ ला येऊन दार वाजवून परत गेला. इथिओपियातही हीच पद्धत. आपल्या आजीच्या प्रहर-घटका पण सूर्योदयापासूनच मोजायच्या ना, तसंच.

आफ्रिकान्स आणि आफ्रिकन एकच का?

नाही. आफ्रिकान्स ही दक्षिण आफ्रिकेतली, डचमधून तयार झालेली भाषा. ती फक्त गोऱ्यांची असंही नाही. केपटाऊनला आशियातून गुलाम करून आणलेले लोक, स्थानिक खोइखोइ, डच मालक, या सगळ्यांच्या बोलण्यातून ती घडली, त्यात मलाय शब्द आहेत (केळ्याला पिसांग), आणि १९ व्या शतकात केपटाऊनच्या मुस्लिम समाजाने ती अरबी लिपीत लिहून धार्मिक पुस्तकं केली होती.

तसंच मादागास्करचं. आफ्रिकेच्या शेजारचं बेट, पण मालागासी भाषेची सख्खी बहीण पार बोर्निओत, बारितो नदीकडे. दगड, मालागासीत वातु, मलायमध्ये बातु. चंद्र, वुलाना आणि बुलान. आकाश, लानित्रा आणि लांगित. अख्खा हिंदी महासागर होडीतून ओलांडून आलेली माणसं ती.

मग सगळीकडे इंग्रजी-फ्रेंच का चालतं?

बर्लिन परिषद, १८८४-८५. युरोपियन देशांनी टेबलावर बसून वाटणीचे नियम ठरवले, नंतर सीमा आखल्या गेल्या, त्यात एकच भाषा बोलणारे दोन-तीन देशांत फुटले आणि एकमेकांचं न समजणारे शेकडो समाज एका देशात आले. स्वातंत्र्य आल्यावर प्रश्न तोच जो आपल्याकडे होता, कोणाची भाषा घ्यायची? नायजेरियात हौसा घेतली तर योरुबा-इग्बो नाराज, योरुबा घेतली तर बाकीचे. मग इंग्रजीच राहू दे.

टांझानियाने वेगळा रस्ता धरला. ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक, 'म्वालिमु' म्हणजे गुरुजी म्हणायचे लोक त्यांना, आणि राष्ट्राध्यक्ष असताना शेक्सपियरची नाटकं स्वाहिलीत आणली. स्वाहिली कुठल्याच मोठ्या जमातीची घरची भाषा नव्हती म्हणून कोणाचा विरोध नाही. त्यामुळे देश एकसंध राहिला, हे मी रोज बघितलंय. पण याची किंमतही बघितलीय. आमच्या शेजारच्या बाई सुकुमा, त्यांचे मिस्टर मोशीकडचे चग्गा, घरात भाषा स्वाहिली, आणि मुलांना आजीचं सुकुमा समजतच नाही. आजी म्वांझाहून आली की नातवंडांशी मोडक्या स्वाहिलीत बोलायची. छोट्या भाषांना इंग्रजी गिळते असं आपण म्हणतो, तिथे गिळणारी भाषा आफ्रिकेतलीच आहे.

बाकी देशांचं थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या घटनेत ११ अधिकृत भाषा केल्या, २०२३ मध्ये साइन लँग्वेज १२ वी. झिंबाब्वेत २०१३ पासून १६. मालीने २०२३ च्या नव्या घटनेत फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून १३ देशी भाषांना दिला. कागदावर आणि शाळेत फरक असतोच.

शाळा कुठल्या भाषेत?

टांझानियात प्राथमिक स्वाहिलीत आणि मग माध्यमिक एकदम इंग्रजीत. मी एका शाळेत मदतीला जायचे, आठवीच्या वयाची हुशार पोरं, स्वाहिलीत धडाधड उत्तरं देणारी, इंग्रजीत विज्ञान आलं की खाली मान घालून बसायची. डोळ्यांत दिसायचं की उत्तर येतंय, शब्द येत नाहीये.

भाषेवरून तिकडे रक्त सांडलंय. १६ जून १९७६, सोवेटो, मुलांवर आफ्रिकान्स माध्यमाची सक्ती केली म्हणून शाळकरी पोरं मोर्चा घेऊन निघाली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. केनियाचे न्गुगी वा थिओंगो (२०२५ मध्ये वारले) लहानपणी शाळेत गिकुयु बोललं की छड्या मिळायच्या असं सांगायचे. मोठे इंग्रजी लेखक झाले, मग गिकुयुमध्ये नाटक केलं म्हणून १९७७ च्या शेवटी तुरुंगात टाकलं, आणि तिथे टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयुत कादंबरी लिहिली.

आणि इंग्रजी माध्यमाशिवाय पोरांचं कसं होणार म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पालकांसाठी: नायजेरियात इफे इथे १९७० मध्ये बाब्स फाफुन्वा यांनी एक प्रयोग सुरू केला, मुलांना सहाही वर्षं सगळे विषय योरुबात, इंग्रजी एक विषय म्हणून नीट शिकवलं. ती मुलं बाकी विषयांत पुढे गेलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मी माझ्या मुलीला मराठी शाळेत घातलं त्याचं एक कारण हे आहे.

भाषा मरतायत का तिकडे?

हो. दक्षिण आफ्रिकेत नू (इंग्रजीत N|uu, मधली रेघ म्हणजे क्लिक) नावाची क्लिकवाली भाषा आहे, ती नीट बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती म्हणजे कात्रीना एसाव आजी, १९३३ चा जन्म. लहानपणी गोऱ्या शेतमालकाने ही 'घाणेरडी' भाषा बोलायची नाही म्हणून दटावलेलं. म्हातारपणी त्यांनी अपिंग्टनमध्ये स्वतःच्या घरीच पोरांना गोळा करून शिकवायला सुरुवात केली. आता नातीच्या मदतीने मुलांसाठी पुस्तकही झालंय.

पण नवीन भाषा जन्मतातही. नैरोबीच्या पोरांची शेंग, स्वाहिली-इंग्रजी आणि बाकी दहा भाषांची मिसळ. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानची नूशी. नायजेरियन पिजिन, म्हणजे इंग्रजीवरून घडलेली मिश्र भाषा, तर इतकी पसरलीय की बीबीसीने २०१७ मध्ये त्यात बातम्या सुरू केल्या.

आपला मराठी माणसांचा काही संबंध आहे का या सगळ्याशी?

मॉरिशस! आफ्रिकन युनियनचा सदस्य देश आहे तो. १९ व्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या लोकांचे वंशज तिथे आहेत, शाळेत मराठी विषय आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. घरात बोलतात मात्र बहुतेक क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली भाषा. पूर्व आफ्रिकेत गोव्याची माणसं पिढ्यानपिढ्या होती, क्लार्क, शिंपी, स्वयंपाकी म्हणून गेलेली, दार-एस-सलाममध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांशी मी कोंकणी-मराठी मिसळून गप्पा मारल्यात.

आणि उलट दिशेने, 'हबशी' हा शब्द. अरबीत इथिओपियाला 'हबश' म्हणतात, त्यावरून. जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख आपल्या जुन्या कागदांत 'हबसाण'. निजामशाहीचा मलिक अंबर, ज्याने खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर, तो इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला. तो लहानपणी घरात कुठल्या भाषेत बोलला असेल असा विचार मी तिकडच्या रस्त्यांवरून जाताना नेहमी करते.

ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही मूळच्या आफ्रिकेच्या. स्वाहिलीत ज्वारीला म्तामा, नाचणीला उलेझी. तिथे बाळाला 'उजी वा उलेझी' भरवतात. म्हणजे नाचणीची पेजच.

शिकायची झाली तर कुठली शिकू?

स्वाहिली. युनेस्को २० कोटींच्या वर बोलणारे सांगतं, केनिया, टांझानिया, युगांडा, काँगोपर्यंत चालते, स्पेलिंग जसं लिहिलं तसंच वाचायचं, आणि कितीतरी शब्द ओळखीचे निघतात. पहिल्या दिवशी व्याकरणाला हात लावू नका, नमस्कार शिका, कारण तिथे विचारपूस न करता कामाचं बोलणं उद्धटपणा मानतात. घरची कशी आहेत, रात्री झोप कशी लागली, काम कसं चाललंय, हे सगळं झाल्यावर मग टोमॅटोचा भाव.

आणि वयाने मोठ्या माणसाला 'जाम्बो' नाही म्हणायचं, ते पर्यटकांचं. मोठ्यांना म्हणायचं 'शिकामो'. त्याचा मूळ अर्थ सांगतात तो 'तुमचे पाय धरते'. मला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट, शेजारच्या बाईंची आई म्वांझाहून आली होती, ओट्यावर बसली होती, मला स्वाहिली धड येत नव्हतं म्हणून मी सवयीने सरळ वाकून पाया पडले. ती म्हातारी क्षणभर बघतच राहिली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली 'माराहाबा'. शिकामोला जे उत्तर देतात तेच.